अमरेनाचं तेल

तेलाच्या तापमानाचा काटा एकशे अठ्ठावीसवर गेला आणि नीवेसनं इंजिन बंद केलं.

नदीवरच्या पुलापासून मोंतेलोर्नो गावापर्यंतचा चढ सात किलोमीटरचा. त्यातल्या पाचव्या वळणावर, चेस्टनटच्या सावलीत, अमरेना ही जुनी गाडी गप्प उभी राहिली. तापलेल्या धातूची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. नीवेसनं हँडब्रेक ओढला, खाली उतरून चाकामागे दगड लावला आणि पुन्हा आत येऊन बसली.

शेजारच्या सीटवर इरिदे मोंतोर्सी होत्या. वय एकाहत्तर, डोक्याला रुमाल, पाठ ताठ. गाडी त्यांची होती.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एकशे अठ्ठावीस."

"आणि मागच्या खेपेला?"

"एकशे चोवीस. तेव्हा तेलाचा जुना कूलर होता. आता दुप्पट मोठा बसवलाय."

"म्हणजे औषध वाढवलं आणि तापही वाढला. छान डॉक्टर आहेस."

नीवेसला हसू आलं नाही. सगळा हिवाळा तिनं या इंजिनात घातला होता. अमरेना म्हणजे आंबट चेरी. गाडीचा रंग तसा, म्हणून नाव तसं. बत्तीस वर्षांपूर्वी इरिदेबाईंचे यजमान आफ्रो आणि लेआर्को मास्तर या दोघांनी गावातल्या गावात अशा नऊ गाड्या बांधल्या होत्या. आठ कुठं कुठं गेल्या, मोडल्या, वितळल्या. ही एक राहिली. आफ्रो वारल्यावर दहा वर्षं ती कापडाखाली उभी होती. इंजिनाचं मुख्य घर, ज्यात सगळं फिरतं ते, मास्तरांनी हातानं केलेल्या साच्यात ओतलेलं होतं, आणि तो साचा कधीच मोडीत गेला होता. तेल फार तापलं की पाण्यासारखं पातळ होतं. पातळ झालं की धातूवर धातू घासतो. घासता घासता बेअरिंग जाम होतं, आणि मग आतला दांडा घराला भोक पाडून बाहेर येतो. त्या भोकाला ठिगळ नसतं.

"मी तुला एकदा सांगितलंय, पुन्हा सांगते," इरिदेबाई म्हणाल्या. "रविवारी सांता आन्नाचा सण. जुन्या गाड्या चढतील. अमरेना एकशे वीसच्या आत राहून चर्चपर्यंत आली, तर ती गावात राहील आणि दर वर्षी चढेल. नाही आली, तर सोमवारी सकाळी शहरातल्या संग्रहालयाचा ट्रक येईल. ते लोक तेल काढून टाकतात, टाकी कोरडी करतात, आणि भोवती दोरी लावतात."

"पेंढा भरलेल्या हरणासारखी."

"हो. पण पेंढा भरलेलं हरीण निदान हरणासारखं दिसतं. इंजिन फुटलेली गाडी मला बघायची नाही, नीवेस. आफ्रोचं एवढंच उरलंय."

दोघी अर्धा तास झाडाखाली बसल्या. काटा नव्वदवर उतरला तेव्हा नीवेसनं हळूहळू, इंजिनाला जोर न देता, गाडी वर आणली.

गॅरेजच्या दारात लेआर्को मास्तर उभे होते. ब्याऐंशी वर्षांचा वाकलेला माणूस, अंगात निळा डगला, जो त्यांनी निवृत्त झाल्यावरही काढला नव्हता. नीवेस पंधरा वर्षांची असताना याच माणसाच्या हाताखाली पाना धरायला शिकली. आता ती अडतीस वर्षांची होती आणि दोन वर्षांपूर्वी मास्तरांची जुनी अंधारी शेड सोडून वरच्या रस्त्यावरच्या या मोठ्या कोठारात आली होती. इथं लख्ख उजेड होता, आणि धुतलेलं पाणी आपोआप वाहून जावं म्हणून डोंगरउताराप्रमाणेच ओतलेली सिमेंटची फरशी होती. तिनं मोठ्या अभिमानानं ते सगळं मास्तरांना दाखवलं होतं. त्यानंतर मास्तर फारसे आले नव्हते, आणि तिनंही बोलावलं नव्हतं.

"इरिदेनं सकाळीच सांगितलं होतं," मास्तर म्हणाले. "म्हणाली, पोरगी विचारणार नाही, तूच जाऊन उभा राहा."

"विचारणार होते मास्तर."

"कधी? सोमवारी?"

गाडी आत घेतली. नाक वर, शेपूट दाराकडे, नेहमीसारखी. मास्तरांनी इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. आधी त्यांनी स्टूल मागितलं, मग एस्प्रेसो मागितली, आणि मग म्हणाले, "सांग. पहिल्यापासून सांग. घाई नाही."

नीवेसला ही पद्धत ठाऊक होती. मास्तर शिकवायचे ते असंच. गावातली लहान मुलं शेडमध्ये आली की तळवे एकमेकांवर जोरात घासायला लावायचे आणि विचारायचे, "काय झालं?" मुलं म्हणायची, गरम झालं. मग तळव्यांवर तेलाचा एक थेंब टाकून पुन्हा घासायला लावायचे. बस, धडा संपला. उत्तर ते कधी सांगायचे नाहीत. मुलाच्या तोंडून ते बाहेर येईपर्यंत तासभरसुद्धा थांबायचे.

तिनं सांगितलं. मीटरची सुई खोटी असेल म्हणून मीटरचं तेलात बुडणारं टोक उकळत्या पाण्यात बुडवून बघितला. इथल्या उंचीवर पाणी जितक्याला उकळतं, बरोबर तितकंच दाखवलं. कूलर मोठा केला. नाकावरची जाळी मोकळी केली. तेल बदललं, थोडं घट्ट घातलं. सावकाश चालवली तर काटा पंचाण्णववर स्थिर राहतो. इंजिन जोरात फिरलं की चढायला लागतो, आणि चढला की थांबत नाही.

"आणि तेलाच्या दाबाचा काटा?"

"थरथरतो. वरच्या वेगाला."

"थरथरतो," मास्तर स्वतःशी म्हणाले. त्यांनी नीवेसला काटा पुन्हा एकशे वीसच्या वर जाईपर्यंत इंजिन जोरात फिरवून बंद करायला लावलं, आणि मग डगल्याच्या खिशातून नमद्याचा, म्हणजे जाड लोकरीचा, एक तुकडा काढला. तो त्यांच्या जुन्या टोपीचा होता, तळहाताएवढा कापलेला, काळाकुट्ट. गुडघे कुरकुरत ते खाली बसले, गाडीखाली हात घातला आणि इंजिनाच्या तळाला तेल साठतं त्या चेंबरवर नमदा ठेवून वर तळवा दाबला. ओठ हलू लागले.

अख्ख्या मोंतेलोर्नोत लेआर्को मास्तरांइतका कट्टर कम्युनिस्ट दुसरा नव्हता. लग्न आणि मयत सोडून त्यांनी चर्चमध्ये पाऊल टाकलेलं नव्हतं. पण गाडीखाली शिरले की ते 'आवे मारिया' म्हणायचे, कारण लहानपणी आईनं अंडं उकडायला हेच घड्याळ शिकवलं होतं. एका लयीत, ना घाई, ना रेंगाळणं. सगळी प्रार्थना संपेपर्यंत हात टिकला, तर तेल थंड. गाडीला अजून पळवू नये. 'सांता मारिया'पाशी, म्हणजे अर्ध्यावर, हात काढावा लागला, तर तेल हवं तसं. त्याच्याही आधी हात पोळला, तर इंजिन बंद करावं आणि मग देवाला काय म्हणायचं ते म्हणावं.

मास्तरांनी पहिल्या ओळीतच हात काढला.

"मीटर खरं बोलतंय," ते म्हणाले.

"ते मी सांगितलंच होतं."

"तू सांगितलंस. आता मला कळलं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत." हात झटकत ते उठले. "तेलाची पट्टी काढ."

इंजिनाच्या अगदी पुढच्या कोपऱ्यातून नीवेसनं पोलादाची लांब पट्टी ओढून काढली. आत किती तेल आहे ते दाखवणारी ही पट्टी मास्तरांनीच बनवलेली होती. टोकाजवळ त्यांनीच कानशीनं घातलेली एक बारीक खूण होती. बाकीच्या गाड्यांची मापं कंपनीच्या पुस्तकात असतात. इतके लिटर ओता, संपलं. अमरेनाला पुस्तक नव्हतं. तिला ही खूण होती.

मास्तरांनी पट्टी दाराच्या उजेडात धरली आणि डोळे बारीक केले. तेलावर बारीक बुडबुडे होते.

"हे काय आहे?"

"फेस."

"कॉफीवर शोभतो. इथं कशाला?"

"हवा मिसळतेय."

"कशी मिसळते?"

नीवेस सावकाश म्हणाली, "तेल जास्त झालं तर. फिरती क्रँक तेलात बुडते आणि रवीनं ताक घुसळावं तशी त्याला घुसळते. घुसळलं की तापतं, आणि फेस होतो. वेग वाढला की आणखी."

"मग?"

"पण जास्त नाहीये, मास्तर! बघा ना. खुणेच्या केसभर खालीच आहे. प्रत्येक खेपेला मी इथं उभी राहून बघते. कमी दिसलं तेव्हा घातलं, तेही खुणेपर्यंतच."

मास्तरांनी पट्टी पुसली, स्वतःच्या हातानं घातली, काढली. केसभर खाली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. केसभर खाली.

"किती लिटर लागतं याला, आठवतं?" नीवेसनं विचारलं.

"कोण मोजत बसलं होतं? आफ्रो ओतायचा, मी पट्टी बघायचो, बास म्हणायचो." त्यांनी आणखी एक कॉफी मागितली आणि त्या खुणेकडे बघत राहिले. "खूण मी घातली. ती खोटं बोलत नाही. तू तर लहानपणीही खोटं बोलली नाहीस, पाने हरवायचीस तेव्हासुद्धा. फेसही खरा आहे. म्हणजे इथं चौथं कुणीतरी खोटं बोलतंय."

"कोण?"

"मला माहीत असतं तर मी कॉफी दुसऱ्यांदा मागितली असती का?"

मास्तर गेले. नीवेस पाठमोऱ्या निळ्या डगल्याकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं, ते येतील, बोट ठेवतील आणि म्हणतील, हे बघ. ते बोट ठेवू शकले नव्हते, आणि 'माहीत नाही' असं म्हणताना त्यांच्या आवाजात कणभरही लाज नव्हती. तेवीस वर्षांत तिनं त्यांच्याकडून घेतलेल्या सगळ्या गोष्टींत हीच एक तिला अजून जमलेली नव्हती.

शुक्रवारी सकाळी ती मास्तरांना शोधत बोच्चीच्या, म्हणजे लाकडी चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या, मैदानावर गेली. दुसरा काही उपाय दिसत नव्हता. बेअरिंगच घट्ट बसली असतील तर इंजिन उघडावं लागणार होतं, आणि उघडलं तर रविवार गेला. ते मास्तरांच्या तोंडून ऐकायचं आणि इरिदेबाईंना सांगायला जायचं, असं तिनं ठरवलं होतं.

मैदान लिंडेनच्या झाडांखाली, मास्तरांच्या जुन्या शेडच्या दारातच होतं. क्लबचे अध्यक्ष उल्तीमो लाकडी फळी ओढत वाळू सारखी करत होते. शहात्तर वर्षांचे, पोट मोठं, आवाज त्याहून मोठा.

"थांब! तिथंच थांब!" ते ओरडले. "बूट बघ आधी! तेलाचे बूट घेऊन माझ्या मैदानावर यायचं नाही. एक डाग पुरे आहे मला."

"कुठला डाग, काका?"

"कुठला डाग म्हणे! हा काय!" त्यांनी फळीचा दांडा रोखला. मैदानाच्या टोकाला, वाळूखालून, थाळीएवढा काळा डाग वर आलेला होता. "किती वर्षं मी यावर वाळू टाकतोय, आणि हा भुतासारखा वर येतोय. तुझ्या मास्तरची कृपा. तो बघ, कसा साळसूदपणे बसलाय."

लेआर्को मास्तर बाकावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मास्तर गाड्या इथं आणायचे?"

"आणायचे? चार माणसं लावून ढकलत आणायचा! आमचा डाव ऐन रंगात आला, की हा दार उघडणार आणि आफ्रो ओरडणार, बाजूला व्हा! मग पट्टी काढायची, बघायची, घालायची, आणि परत ढकलत न्यायची. दोन मिनिटांच्या कामासाठी. मी तीन वेळा समितीकडे तक्रार केली."

"समितीत तूच होतास," मास्तर वर्तमानपत्रामागून म्हणाले.

"म्हणून तर दखल घेतली गेली!"

नीवेस मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली. "का आणायचात?"

"काय का?"

"गाडी. पट्टी बघायला बाहेर का आणायचात?"

"उजेडासाठी," मास्तर म्हणाले. "शेडमध्ये अंधार होता, तुला माहीत आहे. केसाएवढी खूण दिसणार कशी?"

"खूण घातली तेव्हाही गाडी इथंच होती?"

"इथंच. उजेडात."

उल्तीमोंनी तेवढ्यात फळी ठेवली, एक चेंडू उचलला आणि सवयीनं टाकला. लाकडी चेंडू वाळूवर घरंगळला, मंदावला आणि थांबला. जिथं थांबला तिथंच राहिला.

नीवेस त्या चेंडूकडे बघत राहिली. मोंतेलोर्नोत वस्तू जिथं ठेवावी तिथं राहत नाही. इथल्या प्रत्येक घरात टेबलाचे दोन पाय करवतीनं कापलेले असतात. तरीही सूप वाढलं की ते ताटलीत एका बाजूला जातं आणि कुणी त्याकडे बघतही नाही, कारण जन्मल्यापासून ते तसंच जात आलेलं असतं. गावात कोंबडी अंडं घालते तेही वरच्या बाजूला तोंड करून, असं खालच्या गावचे लोक चिडवतात.

"काका, हा चेंडू मला पाच मिनिटं द्या."

"चेंडू? हा माझा स्वतःचा आहे, गेली अकरा वर्षं..."

पण ती चेंडू घेऊन चालू लागली होती. उल्तीमो चेंडूमागे निघाले आणि मास्तर उल्तीमोंमागे. वरच्या रस्त्यावर पोचेपर्यंत दोघा म्हाताऱ्यांना दम लागला.

नीवेसनं गॅरेजचं दार उघडलं. अमरेनाच्या पुढच्या चाकापाशी, फरशीवर, तिनं चेंडू अलगद ठेवला आणि हात काढून घेतला.

चेंडू क्षणभर विचार केल्यासारखा थांबला. मग निघाला. गाडीखालून, मागच्या चाकाजवळून, वेग घेत घेत दारापर्यंत आला आणि पाणी जायच्या पन्हाळीत ठक्‌ करून पडला.

उल्तीमोंनी वाकून चेंडू उचलला आणि शर्टाला पुसला.

"सांग," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी हलका झाला होता. "मला काही कळलेलं नाही असं समजून सांग."

नीवेसनं सुटे भाग धुवायचा पत्र्याचा लांब ट्रे घेतला, त्यात बोटभर पाणी ओतलं आणि एक बाजू उचलली. "हे चेंबर. ही पुढची बाजू, वर. तेल मागं सरकतं. पट्टी पुढच्या टोकाला आहे, तिथं तेल उथळ. पट्टी म्हणते, कमी आहे. मी घालते. पट्टी म्हणते, आता ठीक. पण गाडी रस्त्यावर गेली, जरा सपाटी लागली, की..." तिनं ट्रे सरळ केला. पाणी पुढच्या कडेपर्यंत चढलं. "क्रँक बुडाली. तुम्ही खूण सपाटीवर घातलीत, मास्तर. गावातल्या एकमेव सपाट जागी. मी ती उतारावर वाचते."

मास्तर स्टुलावर बसले. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, मग ते डोळे पुसू लागले. ते हसत होते.

"बत्तीस वर्षं," ते म्हणाले. "बत्तीस वर्षं मी लोकांना सांगतोय, उजेडासाठी! आफ्रोला सांगितलं, तुला सांगितलं. उल्तीमो, ऐकलंस? मला स्वतःलाच माहीत नव्हतं मी काय करतोय ते!"

"ते आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं," उल्तीमो म्हणाले.

"आणि हिनं शोधलं. तुझ्या चेंडूनं." मास्तरांनी नीवेसकडे असं बघितलं, जसं ते पूर्वी फक्त नीट कातलेल्या शाफ्टकडे बघायचे. शाबास म्हणायची त्यांची पद्धत नव्हती. ते म्हणाले, "कॉफी आता मी करतो."

तासाभरानं इरिदेबाई आल्या तेव्हा अमरेना बोच्चीच्या मैदानावर उभी होती. उल्तीमोंनी तिच्याखाली ताडपत्री अंथरायला लावली होती, ताडपत्रीखाली दुसरी ताडपत्री, आणि स्वतः पंचासारखे कमरेवर हात ठेवून उभे होते. डाव सोडून आलेले सगळे म्हातारे भोवती गोळा झाले होते. इंजिन थोडं गरम करून, तेल खाली उतरायला वेळ देऊन, नीवेसनं पट्टी काढली.

तेल खुणेच्या दोन बोटं वर होतं.

"अरे देवा," इरिदेबाई म्हणाल्या.

तळाचा बोल्ट सैल करून नीवेसनं तेल दारूच्या रिकाम्या बाटल्यांत काढायला सुरुवात केली. मधून मधून थांबायचं, पट्टी बघायची. दोन बाटल्या गच्च भरल्या, तिसरी निम्मी. मास्तर पट्टी उजेडाला धरत होते, आणि तेल बरोबर खुणेवर आलं तेव्हा तोच जुना शब्द त्यांच्या तोंडून आपोआप निघाला, "बास." इरिदेबाईंनी झटकन तोंड फिरवलं. दहा वर्षांत त्यांनी तो शब्द त्या आवाजात ऐकला नव्हता.

संध्याकाळी उन्हं कलताना नीवेस एकटीच चाचणीला खाली पुलापर्यंत गेली आणि परत आली, तर नवीनच गंमत. काटा चढेचना. उतारावर तर तो साठवर येऊन बसला.

"थंड तेल मधासारखं," मास्तर म्हणाले. "हवं तिथं लवकर पोचत नाही. तापलेल्यानं इंजिन एका दिवसात मरतं, थंडानं वर्षभरात. रोगी बरा झाला, आता डॉक्टरचा मोठा कूलर कमी कर."

जुना कूलर परत बसवायला वेळ होता, पण नीवेसनं आधी पीचच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून मोठ्या कूलरचा निम्मा भाग झाकला आणि पुन्हा खाली जाऊन आली. अठ्ठ्याण्णव. तिनं पुठ्ठा तसाच ठेवला, फक्त कडा तारेनं नीट बांधल्या.

रविवारी पुलावर बावीस गाड्या उभ्या होत्या. भाजलेल्या तिजेल्लांचा, म्हणजे छोट्या गोल पावांचा, वास नदीवर पसरला होता. निशाण पडलं तशा गाड्या एकामागून एक निघाल्या. अमरेनाचा नंबर आला तेव्हा स्टिअरिंगमागे बसलेल्या इरिदेबाईंनी इंजिन चालू ठेवूनच हात वर केला आणि मागच्याला पुढे जायला सांगितलं. पाण्याचा काटा केव्हाच वर आला होता, पण तेलाचा पंचावन्नवर होता. तेल नेहमी उशिरा जागं होतं, हे आफ्रोनं त्यांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

"इरिदेबाई, जपमाळ संपली की या हं वर!" एका निळ्या गाडीतला तरुण जाता जाता ओरडला.

"तू पोच आधी! तिसऱ्या वळणावर भेटू, बॉनेट उघडून उभा असशील!"

तेल सत्तरवर आलं तेव्हा त्या निघाल्या. नीवेस शेजारी बसली होती, हात गुडघ्यांवर, डोळे काट्यावर. पहिल्या वळणावर ब्याऐंशी. चढ सुरू झाला आणि इरिदेबाईंनी इंजिनाला मोकळं सोडलं. एकाहत्तर वर्षांच्या बाईचे हात स्टिअरिंगवर इतके शांत होते की नीवेस क्षणभर काटा विसरली. बाई वळणात शिरायच्या आधीच गाडीला सांगून ठेवत होत्या, आणि गाडी ऐकत होती. तिसऱ्या वळणावर निळी गाडी बॉनेट उघडून उभी होती. इरिदेबाईंनी हॉर्न वाजवला, एकदाच, सभ्यपणे.

पाचव्या वळणावर चेस्टनटचं झाड आलं.

"किती?"

"एकशे एक."

"दाब?"

"स्थिर. अजिबात थरथरत नाही."

इरिदेबाईंनी गिअर खाली टाकला आणि अमरेना गर्जली. झाड मागं गेलं. पुढचे दोन किलोमीटर नीवेसनं काट्यावरून नजर हलवली नाही. चर्चसमोर गाडी थांबली तेव्हा काटा एकशे सहावर होता, आणि नीवेसच्या तळहातांवर स्वतःच्याच नखांचे वळ उठले होते.

लेआर्को मास्तर गर्दीतून वाट काढत आले. कुणाकडे न बघता गुडघ्यांवर बसले, खिशातून नमदा काढला आणि हात गाडीखाली घातला. दारात उभे असलेले पाद्री पुढे झाले.

"लेआर्को, जरा मोठ्यानं म्हण. वर ऐकू जात नाही."

"वर काम नाही माझं. खाली आहे," मास्तर म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ओठ हलत होते. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. 'सांता मारिया'पाशी मास्तरांनी हात काढला, तळवा लाल झालेला, आणि तो सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

उल्तीमोंनी सगळ्यात आधी टाळी वाजवली. नंतर ते म्हणायचे की ती त्यांनी चेंडूसाठी वाजवली होती.

इरिदेबाई गाडीतून उतरल्या, रुमाल नीट केला आणि बारमध्ये गेल्या. काउंटरवरचा फोन उचलून त्यांनी चिठ्ठीवरचा नंबर फिरवला. नीवेस दारात उभी राहिली. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"हो, मोंतोर्सी बोलतेय, अमरेनावाली. उद्या ट्रक पाठवू नका." थोडा वेळ त्या ऐकत राहिल्या. "नाही, बिघडलेली नाही. तेच तर सांगतेय." पुन्हा थांबल्या. "दोरी लावून ठेवायला तुम्हाला दुसरं काहीतरी बघा. ही अजून गरम आहे."

त्यांनी फोन ठेवला, बाहेर आल्या आणि गाडीची किल्ली नीवेसच्या हातात दिली.

"जा, हिला घेऊन जा," त्या म्हणाल्या. "आणि त्या उतारावर लावायच्या आधी, पट्टी बघायला मैदानावरून जा."